डझनात तीन कमी

आदरणीय साडूभाऊंना दोन्ही हात जोडून नमस्कार, आणि ताईंना वेगळा नमस्कार (एकाच नमस्कारात दोघांना उरकलेलं ताईंना चालत नाही, हे माझ्या लक्षात आहे).

तुमची साखर काय म्हणते? मागच्या पत्रात ती वाढली होती आणि तुम्ही तिच्यावर रागावून जेवण सोडलं होतं. ताईंच्या टाचा अजून दुखतात का? मुलगी सासरी रमली असेलच. माझी प्रकृती ठणठणीत आहे. मधे चार दिवस ताप येऊन गेला, पण ती हकिकत पुढे यायची आहे, तेव्हा काळजी इथं करू नका, तिथं पोचल्यावर करा.

पत्र लिहायला निमित्त असं की मला एक गुन्हा कबूल करायचा आहे, आणि तो नेमका तुमच्याच खात्यातला आहे. तुम्ही एकतीस वर्षं वजनमापांचे निरीक्षक होतात. दुकानदारांच्या तागड्या उलट्या करून त्यांच्या तळाला चिकटवलेलं मेण नखानं खरवडून काढायचात. तीन महिन्यांपूर्वी तुमचं पत्र आलं, की मुलगी गेल्यापासून मागची खोली रिकामी आहे, एकट्यानं राहण्यापेक्षा इकडेच राहायला या, ताईंचंही हेच म्हणणं आहे. मी त्याच दिवशी उलट टपाली कळवलं, की आपण माझी बिलकूल काळजी करू नये, माझी इथं डझनभर जिवाभावाची माणसं आहेत. साडूभाऊ, ते माप खोटं होतं. तुम्ही जन्मभर एवढी खोटी मापं धरलीत, पण हे मात्र तुमच्या हातून निसटलं, कारण त्यानंतर तुमचं काही पत्रच नाही. (धरलं असेल आणि त्या रागानं पत्र पाठवलं नसेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. तरी वाचाच.)

आता तुम्ही म्हणाल, डझनभर म्हणजे काही बरोबर बारा नव्हेत, बोलण्याची एक रीत आहे. कबूल. हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला. अंडीवाल्याला विचारा, डझन कुठल्या भाषेतला, तो म्हणेल अंड्यांच्या. लोक त्याला दोन तऱ्हांनी राबवतात. विकत घेताना डझन म्हणजे बरोबर बारा. एक केळं कमी निघालं तर माणूस अर्ध्या वाटेवरून भांडायला परत जातो. तोच माणूस बोलायला लागला की डझनभर म्हणजे पुष्कळ, किंवा तीन-चार, किंवा नुसताच वैताग. ‘तुम्हाला डझनभर वेळा सांगितलं’ असं ही मला म्हणायची तेव्हा तिनं दोनदा सांगितलेलं असायचं. मी मोजलेलं असायचं, आणि तसं बोलूनही दाखवायचो, आणि मग ती तिसऱ्यांदा सांगायची. आता घरात मला कुणी एकदासुद्धा काही सांगत नाही.

पण ही बोलण्याची रीत इतरांना शोभते, मला नाही. मी तेहतीस वर्षं कपबशांच्या कारखान्यात बांधणीच्या टेबलाशी उभा होतो. बारा कप, पेंढा, बारा बशा, पेंढा, झाकण, खिळे. आम्हा बांधणीवाल्यांची मोजायची रीत तुम्हाला दाखवली होती (हिच्या भाच्याच्या बारशाला, तुम्ही जांभया देत होता): चार बोटांना तीन-तीन पेरं असतात, त्यांवरून अंगठा फिरवत गेलं की करंगळीच्या बुडाशी डझन पुरा होतो. तोंडानं आकडा म्हणावा लागत नाही, त्यामुळे गप्पा मारता मारता काम होतं. तेहतीस वर्षांत माझ्या टेबलावरून अपुरा डझन बाहेर गेला नाही. एकदा शंका आली म्हणून मी भरलेली गाडी फाटकात अडवून चाळीस खोकी उघडायला लावली होती. सगळ्यांत बारा निघाले. गाडीवाला मला जे बोलला ते ताईंसमोर वाचण्यासारखं नाही, पण मला त्या दिवशी झकास भूक लागली.

तर तुम्हाला लिहिलेलं उत्तर टपालपेटीत टाकून मी घराकडे निघालो आणि माझा अंगठा आपला आपण चालू लागला. पहिलं पेर, सलूनवाले. दुसरं, औषधवाले. तिसरं, इस्त्रीवाले. चौथं, दूधवाले. पाचव्या पेराशी अंगठा थांबला तो थांबलाच. कोपऱ्यावरचा दिवा लागेपर्यंत मी तिथंच उभा. चौघंच निघाले, आणि त्या चौघांनाही मी दर खेपेला पैसे मोजतो. म्हणजे माझ्या हातून आठ कमी भरलेला डझन रवाना झाला होता, त्यावर टपालाचं तिकीट चिकटवलेलं होतं, आणि माल घेणारा गृहस्थ वजनमापांचा निरीक्षक. दुसरा कुणी असता तर पेटी उघडायला येणाऱ्या टपालवाल्याच्या पाया पडून पत्र परत घेतलं असतं. मी ठरवलं, पत्र गेलं तर जाऊ दे, आपण मागाहून माल पुरा करू. धंद्यात असं चालतं.

पण माल पुरा करायचा म्हणजे पारखूनही घेतला पाहिजे. टेबलावर आम्ही प्रत्येक कपाला टिचकी मारायचो. चांगला कप टणकन वाजतो, डागी कप थपकन. माणसांना टिचकी मारता येत नाही (सलूनवाल्यांना मारून पाहिली, त्यांना वाटलं डास होता), म्हणून मी एक नियम केला. समोरच्या माणसानं आपल्या धंद्याबाहेरचं निदान एक वाक्य माझ्याशी आपणहून बोललं पाहिजे. ‘किती देऊ’, ‘सुटे आहेत का’, ‘उद्या या’ यांतलं काहीही धरायचं नाही. नियम साधा वाटतो, पण तुम्ही एक आठवडा करून पाहा. माझा पहिला आठवडा कोरडा गेला.

औषधवाले पहिले पास झाले. रक्तदाबाच्या गोळ्या देता देता ते म्हणाले, काका, तुमचा शर्ट उलटा आहे. मला इतकं बरं वाटलं की मी तो तसाच घालून घरी आलो. दुसरे इस्त्रीवाले. त्यांनी कपडे मोजून घेताना माझ्या पांढऱ्या शर्टाची कॉलर वर धरली आणि म्हणाले, झिजली आहे, वहिनींना सांगा उलटवून द्यायला. साडूभाऊ, आम्ही इथं राहायला आलो आणि सहा महिन्यांत ही गेली. इस्त्रीचे कपडे द्यायला तेव्हा तीच जायची. तिची गाठ पडत नाही एवढंच त्यांना माहीत, कारण दुसरं काही त्यांना कुणी सांगितलंच नाही, आणि दोन वर्षं होऊन गेल्यावर एकदम सांगणार तरी कसं. मी म्हटलं, सांगतो. पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, सांगितलंत का. मी म्हटलं, सांगितलं, पण तिला वेळ नाही. तेव्हापासून दर आठवड्याला त्यांचा हिच्यासाठी काही ना काही निरोप असतो (चादरी एकदम भिजवू नका म्हणावं, निळीचं प्रमाण जास्त होतंय) आणि मी तो घेऊन घरी येतो. वाक्य धंद्यातलं की धंद्याबाहेरचं, यावर मी फार काथ्याकूट केला नाही. त्यांना पास केलं.

ग्रंथालयातल्या बाईंची पारख अवघड होती. तिथं मोठ्यानं बोलायला बंदी आहे, त्यामुळे त्या सगळ्यांशी अगदी जवळ वाकून, कुजबुजत बोलतात, आणि ‘पुस्तकाची मुदत संपली आहे’ हेसुद्धा जिवाभावाचं वाटतं. मी तीन आठवडे गोंधळात होतो. शेवटी एकदा मी वाचता वाचता पेंगलो तेव्हा त्यांनी मला उठवलं नाही, बंद करायच्या वेळेपर्यंत पंखा चालू ठेवला. बोलणं काहीच नाही, पण मी पेर मोजलं. बागेतल्या बाकावर चार म्हातारे रोज संध्याकाळी बसतात, ते मला एकदम चार पेरं देतील अशा आशेनं मी आठ दिवस बाकाशेजारी उभा राहून त्यांच्या प्रत्येक विनोदाला हसलो. बाक चौघांचंच. नवव्या दिवशी एकाचा गुडघा धरला म्हणून तो आला नाही, मी त्याच्या जागेवर बसलो, आणि सबंध आठवडा फार सुखात गेला. मग गुडघा बरा झाला. (मी मनातून त्या गुडघ्याचं वाईट चिंतलं नाही, असं मी शपथेवर सांगू शकत नाही.) गुडघेवाले मात्र सज्जन; आले तेव्हा म्हणाले, माझी जागा गरम ठेवलीत, आभारी आहे. त्या चौघांतले ते एकटे धरले.

सलूनवाल्यांनी मला फार दमवलं. कात्री चालू असेतो ते जगातल्या यच्चयावत विषयांवर बोलतात, पण बोलणं हाच त्यांच्या धंद्याचा निम्मा भाग, मग धंद्याबाहेरचं वाक्य ओळखायचं कसं? शेवटी एका सकाळी त्यांनी अख्खे केस कापून होईपर्यंत चकार शब्द काढला नाही. घरी काहीतरी बिनसलं असावं. माझ्याशी गप्प बसण्याइतका मोकळेपणा दाखवला म्हणून त्यांना तिथल्या तिथं पास केलं, आणि तसं सांगितलंही, की माझी इथं डझनभर माणसं आहेत, त्यांत आजपासून तुम्ही. वाटलं, त्यांना आनंद होईल. त्यांनी विचारलं, कितवा? मी खरं तेच सांगितलं, सहावा. त्यावर ते वस्तरा पुसत म्हणाले, “अडीच वर्षं तुमची मान माझ्या हातात आहे काका, आणि मी सहावा? पाचवा कोण आहे तेवढं सांगा.” मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गुडघेवाल्यांची दाढी अवघड झाली असती.

अशा रीतीनं, कुणी याआधी कुणी मागाहून, पोस्टातले तिकीटवाले, माझ्या खालच्या खोलीतल्या शिवणकामवाल्या बाई आणि पाववाले जमेस आले. चौघांतले दूधवाले मात्र नियमाला उतरेनात, कारण ते पिशवी दाराशी टांगून जातात आणि मी त्यांचं तोंड वर्षभरात पाहिलेलं नव्हतं. म्हणून एके दिवशी पहाटे मी दाराआड दबा धरून बसलो आणि पिशवीची चाहूल लागताच दार उघडलं. त्यांच्या तोंडून जे वाक्य निघालं ते नक्कीच धंद्याबाहेरचं होतं. झाले नऊ. या प्रत्येकाला मी अगदी प्रामाणिकपणे सांगत गेलो, की तुम्ही माझ्या डझनभर माणसांतले आहात. (अजून डझन भरायचाय हे सांगितलं नाही. अर्धं खोकं गिऱ्हाइकाला कोण दाखवतं?) रात्री निजताना अंगठा तिसऱ्या बोटाच्या शेवटच्या पेरापर्यंत जायचा, करंगळी तेवढी कोरी राहायची. मला वाटलं, आता महिनाभराचं काम. मग तुम्हाला ताठ मानेनं लिहायचं, की मोजून घ्या.

अशात ताप आला. पहिल्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही, उलट जरा बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, आता माल गिऱ्हाइकाच्या घरी कसा निघतो ते कळेल. दार नुसतं लोटून ठेवलं, म्हणजे येणाऱ्याला त्रास नको. तीन खुर्च्या पलंगाशी ओळीनं मांडल्या. जिन्यावर पावलं वाजायची, पहिल्या मजल्यावर विरायची. पुन्हा वाजायची, दुसऱ्यावर विरायची. तिसऱ्या मजल्यापर्यंत चार दिवसांत फक्त दूध आलं, आणि त्या अनुभवानंतर दूधवाले पिशवी टांगून आधीपेक्षा दुप्पट वेगानं पळतात. तिसऱ्या दिवशी मी उठून खुर्च्या पुन्हा भिंतीशी नेऊन ठेवल्या, कारण त्या तशा रिकाम्या मांडलेल्या बघवेनात. ताईंना म्हणावं, मी काही रडलोबिडलो नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते तापानंही येतं.

पाचव्या दिवशी ताप उतरल्यावर मी धुमसतच खाली गेलो, एकेकाला जाब विचारायला. शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, वर पावलांचा आवाज नव्हता, मला वाटलं तुमच्या माणसांपैकी कुणी तुम्हाला राहायला घेऊन गेलं. औषधवाले म्हणाले, गोळ्या संपल्या असणार हे माझ्या लक्षात आलं होतं काका, पण म्हटलं एवढी माणसं आहेत, कुणीतरी दुसरीकडून आणून दिल्या असतील. पाववाले, पोस्टवाले, गुडघेवाले, सगळ्यांचं तेच. सलूनवाल्यांनी तर स्पष्टच विचारलं, पहिले पाच जण काय करत होते? कुणी खोटं बोलत नव्हतं, साडूभाऊ. प्रत्येकाला माझी आठवण झाली होती आणि प्रत्येकानं ती उरलेल्या अकरांवर सोपवली होती. तेहतीस वर्षं डझन बांधून मला जे कळलं नाही ते त्या सकाळी रस्त्यात कळलं. ज्याचं कुणीच नाही त्याच्याकडे माणूस एखाद वेळ डोकावतो. ज्याची डझनभर माणसं आहेत त्याच्याकडे कशाला येईल? आणि ती डझनभर माणसं मीच प्रत्येकाच्या कानात ओतली होती.

पुढचं ऐका. सगळ्यांना फार लागलं ते. येत्या रविवारी भेटायला येतो असं प्रत्येक जण आपापलं बोलून गेला, आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता नऊच्या नऊ जण माझ्या दोन खोल्यांत. खुर्च्या तीन, कपांच्या बाबतीत मात्र मी कधीच गरीब नव्हतो. पहिली पाच मिनिटं कुणी बोलेना, कारण ते एकमेकांना ओळखत नव्हते आणि प्रत्येक जण इतरांकडे ‘तुम्ही होतात ना मग’ अशा नजरेनं बघत होता. तेवढ्यात इस्त्रीवाल्यांनी आतल्या खोलीकडे पाहून विचारलं, वहिनी दिसत नाहीत. मी म्हणालो, बाहेर गेली आहे. ग्रंथालयातल्या बाईंना ठाऊक होतं (हिचं वाचायला नेलेलं पुस्तक परत करायला मीच गेलो होतो). त्यांनी उठून इस्त्रीवाल्यांच्या कानाशी वाकून, ग्रंथालयात बोलतात तसं, त्यांना सांगितलं. इस्त्रीवाल्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग मला म्हणाले, निरोप घ्यायचात ते? मी म्हटलं, पोचवायचो. खोली रिकामी असली तरी मोठ्यानं म्हणायचो सगळं, चादरींचं, निळीचं. ते म्हणाले, बरं केलंत. त्या दोन वाक्यांसाठी मी त्यांना बाराही पेरं द्यायला तयार होतो.

त्यानंतर मात्र गाडी जी सुटली ती सुटलीच. गुडघेवाल्यांच्या गुडघ्याला औषधवाल्यांनी तेल सुचवलं, पोस्टवाल्यांच्या मुलीच्या कपड्यांचं शिवणकामवाल्या बाईंनी अंगावर घेतलं, पाववाल्यांना वाचनाचा नाद निघाला, सलूनवाल्यांना अखेर कळलं की पाचवे गुडघेवाले आहेत आणि त्या दोघांची तर गळ्यात गळा घालण्यापर्यंत मजल गेली. मी कप धूत होतो. बाहेरचा हशा ऐकून वाटलं, मिटली आपली चिंता. ते गेले ते एकमेकांशी बोलत बोलत जिना उतरले. शेवटचा माणूस दार ओढून घ्यायला विसरला. आता दर रविवारी ते सलूनच्या ओट्यावर जमतात. मला हे पाववाल्यांकडून कळलं. मी विचारलं (अगदी सहज, पाव निवडता निवडता), मला कसं नाही बोलावलंत? ते म्हणाले, काका, आम्ही नऊच जण ना, तुमचे बाकीचे तिघं असतात, रविवारचे तुम्ही त्यांच्याकडे जात असाल. खोकं भरून झाकण ठोकलं की बांधणारा बाहेरच राहतो, ही त्या धंद्याची रीतच आहे, पण ती आपल्याच बाबतीत लागू होते तेव्हा पचायला वेळ लागतो.

खरं म्हणजे मी त्या तिघांचं तिथंच सांगून टाकायला हवं होतं. नाही जमलं. तुम्हालाही तेव्हा ‘येतो’ म्हणायला हवं होतं, तेही नाही जमलं, आणि त्याचं कारण डझन नव्हे. तुमच्या घरी मी आजवर जेव्हा जेव्हा आलो तो हिच्या पाठोपाठ आलो. दारात ती आधी शिरायची, ताई तिला मिठी मारायच्या, मग मी पिशव्या घेऊन आत यायचो आणि तुम्ही म्हणायचात, या साडूबुवा. साडू म्हणजे काय, तर दोन बहिणींचे दोन नवरे. त्यांतली एक बहीण गेली की या नात्याचं काय होतं, हे मी ग्रंथालयातल्या बाईंना मोठ्या कोशात पाहायला लावलं. कोशात एवढंच आहे: बायकोच्या बहिणीचा नवरा. बायको असताना की नसताना, याचा खुलासा कोशकारांनी केलेला नाही. माझी अशी समजूत झाली होती की तुम्ही मला रीत म्हणून विचारलंत, हिच्या पश्चात तुमच्यावर माझा काही हक्क उरत नाही, आणि मागच्या खोलीत मी म्हणजे पाठवणाऱ्याचं नावच नसलेलं सामान. म्हणून डझनभर माणसं पुढे केली. मला इथं फार एकटं वाटतं. हे एक वाक्य लिहायला तीन महिने आणि एवढी पानं लागली.

असो. तुमची साखर सांभाळा, गोड फक्त बोला. ताईंनी टाचा कोमट पाण्यात बुडवाव्यात. लहानमोठ्या सर्वांना (म्हणजे तुम्हा दोघांनाच, आता घरात कोण आहे) माझी आठवण सांगावी. मी इथं सर्वार्थानं मजेत आहे.

तुमचा,
साडू (कोशाप्रमाणे)

ता. क. मागच्या पत्रातलं ‘डझनभर’ कृपया खोडून तिथं ‘नऊ’ करून घ्यावं, म्हणजे कागद तरी खरा राहील.

आणखी ता. क. नऊ ही कच्ची मोजणी आहे. तुमच्या खात्याच्या नियमानं तपासलं तर दोनच खरे उतरतील, इस्त्रीवाले आणि शिवणकामवाल्या बाई. त्यांतल्या बाई पुढच्या महिन्यात मुलाकडे कायमच्या राहायला चालल्या आहेत. मुलानं एकदाच विचारलं आणि त्या हो म्हणाल्या, मला त्यांचं कौतुक वाटतं.

आणखी एक. तुमच्या मागच्या खोलीत ऊन सकाळी येतं की दुपारी? आणि तिथं पलंग आहे की न्यावा लागेल? केवळ माहिती म्हणून विचारतो आहे. एकजण चौकशी करत होता.

शेवटचं. हे ताईंना वाचून दाखवू नका, किंवा दाखवाच. तीन महिन्यांपूर्वी जे विचारलंत ते पुन्हा एकदा विचारा. मी नाही म्हणेन. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, भिडेपोटी पहिल्यांदा नाहीच निघतं तोंडातून. पण तुम्ही त्या नाहीकडे लक्ष देऊ नका, तिसऱ्यांदा विचारा. मधल्या नकाराचं पत्र मी इथंच लिहून इथंच फाडून टाकीन, त्यासाठी तुम्ही थांबू नका. दोन्ही वेळचं विचारणं एकाच पाकिटात घालून पाठवलंत तरी चालेल.